वाटीचा कूळकायदा

कूळकायदा तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४८ साली आला. जो जमीन कसतो त्याला तिच्यावरून सहजासहजी हुसकता येत नाही, असा त्याचा साधारण मतलब. आमच्या फ्रिजमध्ये तो कधी लागू झाला याची कुठल्याच दप्तरी नोंद नाही, पण अंमलबजावणी कडक आहे. चमचाभर चटणी उरलेली वाटी ‘रात्रीपुरती राहू दे’ म्हणून आत जाते. सकाळपर्यंत तिच्या बुडाखाली ओलं कडं उमटतं. कडं उमटलं, की वाटी कूळ झाली. आता तिला काढायचं तर कारण द्यावं लागतं, घरातल्या ज्येष्ठांची संमती घ्यावी लागते, आणि ‘मी खाणार होतो ती’ अशी हरकत घेणारा एकजण हटकून उगवतो. फ्रिज आपला, हप्ते आपण फेडलेले, विजेचं बिल आपल्या नावावर; जागा वाटीची.

फ्रिज विकताना दुकानदार हे सांगत नाही. तो लिटर सांगतो. आमचा एका दाराचा, १९० लिटरचा. दारावरच्या तारेवाल्या लेबलवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, एक एकूण आकारमानाचा आणि दुसरा साठवणीच्या जागेचा. दुसरा पहिल्यापेक्षा कमी. मुंबईच्या आसपास घर घेतलेल्या माणसाला यात नवल नाही. सुपर बिल्टअप आणि कार्पेट यांतला फरक त्याने हप्त्याहप्त्याने शिकलेला असतो. पण फ्रिजचा एक तिसराही आकडा असतो आणि तो कुठेच छापत नाहीत. सकाळी दुधाच्या पिशव्या हातात घेऊन दार उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी दिसणारी जागा. तिला लिटर लावणं हा लिटरचा अपमान आहे.

मुळात लिटर हे मापच इथे फसवं. १९० लिटरमध्ये १९० लिटर पाणी बसेलही, कारण पाण्याला कान नसतात. कढईला दोन असतात, कुकरला दांडा असतो, आणि फ्लॉवरचा गड्डा कुठल्याही बाजूने ठेवला तरी चौथी बाजू बाहेर काढतो.

आइन्स्टाइनने लिओ झिलार्डच्या जोडीने एक फ्रिज शोधून काढला होता. १९३० साली त्याला अमेरिकेत पेटंटही मिळालं. त्या काळी फ्रिजमधला विषारी वायू गळून माणसं दगावत, म्हणून या दोघांनी हलणारा एकही भाग नसलेला फ्रिज कल्पिला. तो बाजारात कधी आला नाही, ते सोडा. पण उभ्या विश्वाच्या अवकाशाचा हिशेब मांडणारा माणूस साक्षात फ्रिजला हात घालतो आणि पातेलं कुठे ठेवायचं या प्रश्नाला न भिडता नुसत्या वायूवर थांबतो, यावरून प्रश्नाची खोली कळावी. काळाबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र आमच्या फ्रिजला पटलेलं आहे. आतल्या कोबीच्या भाजीसाठी काळ प्रत्येकाच्या मते वेगळ्या गतीने जातो. नवऱ्याच्या मते ती परवाची असते, माझ्या मते गेल्या रविवारची, आणि भाजीचं मत झाकण उघडल्यावर सगळ्या घराला कळतं.

आता आतला सातबारा. फ्रीजरच्या खालचा ट्रे सासूबाईंच्या सायीचा. रोजच्या दुधावरची साय त्या भांड्यात एकावर एक जमते, मग तिला विरजण लागतं, मग लोणी, मग तूप. त्यामुळे ते भांडं कधी रिकामं नसतं, आणि चुकून रिकामं झालं तरी धुऊन पुन्हा तिथेच येतं. हे साधं कूळ नव्हे, वतनदार. सायीला शेजाऱ्याचा वास पटकन लागतो, म्हणून तिच्या अंगाला अंग लावून कांदा, लसूण, मासळी यांतलं काही ठेवायचं नाही. म्हणजे भांडं एक, पण बंदोबस्तासाठी चहूबाजूंनी मोकळी पट्टी.

मधल्या कप्प्यात इडलीचं पीठ. बसल्या जागी स्वतःचं क्षेत्रफळ वाढवणारं फ्रिजमधलं हे एकमेव कूळ. थंडीने पीठ आंबायचं मंदावतं, थांबत नाही. रात्री बेताने भरलेला डबा सकाळी झाकण ढकलून खालच्या कप्प्यातल्या दुधीवर उतरलेला असतो. खाली भाजीचा ड्रॉवर. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीतल्या मिरच्या, आणि सगळ्यांच्या तळाशी एक काकडी, जी काकडी म्हणून आत गेली आणि सरबत म्हणून बाहेर येईल.

दाराचे कप्पे म्हणजे गावठाणाबाहेरची वस्ती. दार वरचेवर उघडतं, म्हणून फ्रिजमधला सगळ्यात उबदार भाग तोच; दूध तिथे ठेवू नये, असं जाणकार सांगतात. बाटल्यांचा कप्पा मात्र कंपनीने नेमका तिथेच केलेला आहे. अंड्यांच्या खाचांत दोन अंडी, चार लिंबं, एक आल्याचा तुकडा आणि पार्सलबरोबर फुकट आलेल्या सॉसच्या पुड्या. फुकटची पुडी मराठी माणूस टाकत नाही आणि वापरतही नाही. शिवाय अन्न नसलेली मंडळी: डोळ्यांत घालायचे थेंब, लेकीचं नेलपॉलिश, मेंदीचा कोन, कुठल्याशा लग्नातला पानात बांधलेला गजरा, आणि घड्याळाचे सेल. थंडीत सेल जास्त टिकतात असं नवऱ्याने कुठे तरी वाचलं होतं. घड्याळ बंद पडलं की तो नवीन सेल दुकानातून आणतो. आतले थंड होताहेत.

या वस्तीत खरा घोळ होतो तो डब्यांच्या ओळखीचा. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड फक्त आमच्या घरी येताना असतं. पुढची पाचसात वर्षं त्यात आलं-लसूण वाटण, चिंचेचा कोळ, भिजवलेले वाल, इडलिंबाचं लोणचं असे पोटभाडेकरू येऊन जातात. आइस्क्रीमचा डबा फ्रीजरमध्ये दिसला म्हणून हरखून उघडावा तर आत मटार. मराठी मूल वयात येतं ते या क्षणी. झाकणावर चिठ्ठी लावायची पद्धत आम्ही करून पाहिली, पण चिठ्ठी डब्यापेक्षा चिवट निघते. ‘पुरण, होळी’ असं लिहिलेल्या डब्यात सध्या गणपतीनंतरची अळूवडी आहे.

उरलेल्या अन्नाचा आतला प्रवास ठरलेला असतो. सोमवारी उसळ पातेल्यात असते. मंगळवारी ती डब्यात उतरते. बुधवारी मोठ्या वाटीत, गुरुवारी छोट्या वाटीत. दरवेळी आपण जागा वाचवली असं गृहिणीला वाटतं, आणि दरवेळी घासायला एक भांडं वाढतं. छोट्या वाटीवर ताटली, ताटलीवर दुसरी वाटी, तिच्यात अर्धा चिरलेला टोमॅटो पालथा. शुक्रवारी वाटी मागच्या भिंतीपाशी सरकते. मागे सरकणं ही शिक्षा नाही, पेन्शन आहे. तिथे ती कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि नजरेस पडली नाही म्हणजे टाकावी लागत नाही.

हीच खरी ग्यानबाची मेख. ताजं अन्न आपल्याला टाकवत नाही. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणत वाढलेला हात रात्री दोन चमचे भाजी केराच्या डब्यात कशी ओतेल? पण तीच भाजी चारपाच दिवस आत ठेवली, वरून बुरशीची लव आली, की हात कापत नाही. ‘खराब झाली, काय करणार!’ म्हणजे टाकलं आपण नाही, खराब ती झाली. फ्रिज हे अन्न टिकवायचं यंत्र म्हणून विकतात. घरात ते चालतं मात्र टाकण्याचं पाप चारपाच दिवसांच्या हप्त्यांत फेडायचं यंत्र म्हणून.

फ्रीजरचा कायदा आणखी निराळा, कारण तिथलं सगळ्यात मोठं कूळ म्हणजे बर्फ. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातलं पाणी भिंतीला गोठून बसतं, आणि थर जाड होत जातो. जाड थर थंडी अडवतो, म्हणजे कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि जागाही जाते, असा दुहेरी तोटा. १८३३ साली बॉस्टनहून टस्कनी नावाच्या जहाजातून कोलकात्याला बर्फ पाठवला होता. निघताना १८० टन, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन, आणि एवढा उरला म्हणून केवढं कौतुक झालं! आमच्या फ्रीजरमध्ये न मागवता येतो, आणि डीफ्रॉस्टचं बटण दाबून रात्रभर वाट पाहिली तरी मुख्य खडक शाबूत. मग नवरा उलथनं घेऊन पुढे होतो आणि मी मधे उभी राहते, कारण त्या बर्फामागे वायूच्या नळ्या असतात. एक घाव चुकला की बर्फ जाईल, पाठोपाठ फ्रिजही.

बर्फाच्या कपारींतून उरते तेवढ्या जागेत वर्षाचं पंचांग बसवायचं असतं. थंडीत मटार स्वस्त, म्हणून सोलून पिशव्या. मे महिन्यात हापूसचा रस. अधूनमधून खवलेलं खोबरं, ज्याचा गोळा ऐन वेळी दगड होतो आणि वाटीने ठोकून काढावा लागतो. आणि आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी लागायच्या आत सुरमईच्या तुकड्या आणि पाण्यात बुडवून गोठवलेली कोलंबी. आमच्या आज्या यासाठी बांगडे, सुकट आणि सोडे वाळवून ठेवत; गोव्यातही पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताच्या बाजारातून खारी मासळी, मिरच्या, कोकम, कांदे भरून घेतात. त्यांना वीज लागत नव्हती, जागा लागत होती, आणि ती घराच्या आढ्याला भरपूर होती.

फ्रीजर अक्षरशः रिकामा होतो असा वर्षातला एकच सण, गटारी. त्या दिवशी आतली शेवटची कोलंबी पानात पडते. श्रावण लागायच्या आत सासूबाई फ्रीजर कोमट पाण्याने, मग लिंबाने, मग पुन्हा कोमट पाण्याने पुसून घेतात, आणि आमच्या फ्रीजरचं सोवळं सुरू होतं. शेजारच्या काकू वर्षभर आमच्या फ्रिजकडे तिरप्या नजरेने पाहतात. श्रावणात त्याच काकू स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या. “तुमच्याकडे आता काही नसेल ना? मग एवढं पुरण राहू दे, आमच्याकडे मुंगी शिरायला जागा नाही.” दिलेली जागा नारळी पौर्णिमेपर्यंत असं तोंडी ठरतं. कोजागरीला डबा तिथेच असतो, आणि सुरमई दाराच्या कप्प्यात सॉसच्या पुड्यांशेजारी निर्वासित.

आमच्या लेकीने सुट्टीत जमीनसुधारणा हाती घेतली. तिचं म्हणणं असं, की अर्धी कुळं बेकायदेशीर आहेत. मध बाहेरच चांगला राहतो, आत त्याची साखर होते. लोणच्याला मीठ-तेलाचं संरक्षण असतं. बटाटे थंडीत ठेवले की त्यांच्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते आणि तळले की काळपट पडतात. ब्रेड फ्रिजमध्ये उलट लवकर शिळा होतो. केळ्याची साल काळी पडते. टोमॅटोची चव जाते. हे सगळं बरोबर होतं. तिने एका दुपारी सगळ्यांना ओट्यावर आणून ठेवलं, आतून फ्रिजचा दिवा पहिल्यांदा पूर्ण दिसला, आणि आम्ही सगळे दार उघडं टाकून तो बघत उभे राहिलो.

सासूबाईंनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, “आणि मुंग्या?”

या प्रश्नाला इंटरनेटवर उत्तर नव्हतं. सासूबाईंच्या माहेरी दूधदुभत्याचं जाळीचं कपाट होतं, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, मुंग्यांना खंदक म्हणून. गोदरेजने देशात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ साली, पण त्यांच्या घरी तो आला फार नंतर, आणि आला तो थेट बाहेरच्या खोलीत. हँडलला क्रोशाचं कव्हर, डोक्यावर फुलदाणी. त्या काळी त्यात पाण्याच्या बाटल्या आणि दही एवढंच असे. ज्या बाईने फ्रिजकडे मुंग्यांपासूनचा किल्ला म्हणून पाहिलं, तिला पिठाची साखर कशी होते हे सांगून काय उपयोग? रात्रीपर्यंत मध आत होता, लोणचं आत होतं. ब्रेड मात्र बाहेर राहिला, कारण त्याच्या जागेवर तेवढ्यात कोशिंबिरीची वाटी बसली होती.

शास्त्राचंही असं आहे, की ते प्रत्येकाला हवा तेवढाच वाटा देतं. गच्च भरलेला फ्रीजर वीज गेल्यावर जास्त वेळ थंड राहतो, हे सासूबाईंना पाठ आहे. खालचा भाग गच्च भरला तर हवा खेळत नाही आणि चार अंशांचे सहा कधी झाले कळत नाही, हे मला पाठ आहे. त्या वरच्या आधारे भरतात, मी खालच्या आधारे उपसते, आणि नवरा दोघींना ‘बरोबर आहे’ म्हणून थंड पाण्याची बाटली काढतो. भरून परत ठेवत नाही. घरातली सगळ्यात जास्त जागा वाचवणारी व्यक्ती खरं तर तोच, पण याला व्यवस्थापन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग सगळ्यांना सुचतो तो उपाय: मोठा फ्रिज. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी घेतला, दोन दारांचा, बर्फ न साचणारा. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये येणारे पैसे ऐकून त्यांना जुन्याचीच दया आली, म्हणून तो पॅसेजमध्ये ठेवला, ‘फक्त आंब्याच्या दिवसांपुरता’. आता दोन्ही भरलेले आहेत, आणि त्यांच्याकडची वाटी कुठल्या फ्रिजमध्ये आहे हे शोधायला दोन्ही दारं उघडावी लागतात. जमीन वाढली की कुळं वाढतात.

कारण जागेचा प्रश्न फ्रिजमध्ये सुरूच होत नाही. तो कुकर लावताना सुरू होतो. सासूबाई तांदूळ मापाने घेतात. माणशी माप ठरलेलं, त्यात दाण्याची चूक नाही. आणि मग डब्याचं झाकण लावता लावता एक मूठ वर टाकतात. कोणी आलं तर?

पूर्वी कोणी ना कोणी यायचंच. कोर्टाच्या तारखेला आलेले काका, डॉक्टरला दाखवायला आलेली आत्या, परीक्षेला आलेला गावचा मुलगा. ‘जेवूनच निघालोय’ म्हणत पानावर बसायचे आणि ती मूठ त्या रात्रीच सत्कारणी लागायची. आता येणारा माणूस चार दिवस आधी मेसेज करतो, निघाल्यावर लोकेशन पाठवतो, आणि आल्यावर सांगतो की तो संध्याकाळी सहानंतर जेवत नाही. मूठ मात्र रोज पडते. सासूबाई गावाला गेल्या तरी पडते, कारण तेव्हा ती माझ्या हातून पडते. माणसांपुरतंच मोजून शिजवायला घर म्हणजे काय खानावळ आहे? तो न आलेला पाहुणा रोज रात्री डब्यात भरून आत जातो, आणि १९० लिटरमधला मोठा तुकडा वर्षानुवर्षं त्याच्या नावावर चालू आहे.

आणि मग एका पावसाळी रात्री तो खरंच आला. गाड्या बंद पडल्या म्हणून नवऱ्याचा मावसभाऊ, न कळवता, भिजलेला, भुकेला. सासूबाईंचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांच्या मुठींचं चीज व्हायची वेळ आली होती. त्यांनी फ्रिज उघडला. भात होता, आमटी होती, दोन भाज्या, वालाची उसळ, मोरंबा; आणखी दोघे आले असते तरी पुरलं असतं. त्यांनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली, दार लावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अगं, किती वर्षांनी आलाय! त्याला काय शिळं वाढायचं? बाहेरून मागव काहीतरी.”

मागवलं. बिर्याणी, पनीर, नान, वर कांद्याच्या आणि सॉसच्या पुड्या. मावसभाऊ बेताचं जेवला. ताटं उचलल्यावर अर्धीअधिक बिर्याणी त्या प्लास्टिकच्या खोक्यात तशीच होती. मी ते केराच्या डब्याकडे नुसतं बघून हातात धरलं, तर सासूबाईंनी ते माझ्याकडून काढून घेतलं, उसळीच्या वाटीवर ताटली पालथी घालून त्यावर नीट बसवलं आणि दार गुडघ्याने लोटून घेतलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, “कोणी आलं तर होईल.”